विश्लेषण : पाळीव मांजर घराबाहेर मोकळे सोडावे का? काही देशांत निर्बंध कशासाठी?

दार उघडे दिसले की बाहेर, भूक लागली की घरात, असा मांजराचा शिरस्ता. कुत्र्याला साखळी लागते, मांजराला मात्र कुणी अडवत नाही. पण ऑस्ट्रेलिया, जर्मनी, स्कॉटलंड, न्यूझीलंड अशा ठिकाणी मांजराची ही भटकंती आता सरकारी निर्णयांचा विषय झाली आहे. स्कॉटलंडमध्ये २०२५च्या सुरुवातीला प्राणीकल्याण आयोगाच्या अहवालावरून एवढा गदारोळ झाला, की मांजरांवर बंदी घालण्याचा कोणताही विचार नसल्याचा खुलासा खुद्द फर्स्ट मिनिस्टर जॉन स्विनी यांना करावा लागला. मांजर बाहेर जाऊन असे काय करते?

मांजर बाहेर नेमके कुठे जाते?

बहुतेक मांजरे फार लांब जात नाहीत. सहा देशांतील ९२५ पाळीव मांजरांना जीपीएस लावून केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील बहुसंख्य मांजरे घरापासून साधारण १०० मीटरच्या आतच फिरत होती.

या छोट्या परिघातले त्यांचे वागणे मात्र मालकांना चकित करणारे आहे. ‘बीबीसी’ने २०१३ मध्ये इंग्लंडमधील शॅम्ली ग्रीन गावातील ५० मांजरांच्या गळ्यात जीपीएस पट्टे अडकवले, काहींना छोटे कॅमेरेही लावले. काही मांजरे शेजारच्या घरात शिरून तिथल्या मांजराचे खाणे फस्त करत होती. एकाच जागेवर हक्क सांगणारी मांजरे भांडण टाळण्यासाठी जणू वेळा वाटून घेत असल्याचेही दिसले. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या अशाच अभ्यासात चार मांजरांनी चक्क दुसरे घर धरल्याचे आढळले. तिथेही त्यांना खाणे मिळत होते आणि लाडही होत होते.

शिकारीचा अंदाज मालकाला का येत नाही?

‘आमचे मांजर कधीतरी एखादा उंदीर आणते, बाकी काही नाही,’ असे मालक सांगतात, तेव्हा ते खोटे बोलत नसतात. त्यांना दिसते तेवढेच ते सांगतात. जॉर्जियातील अभ्यासात ५५ मांजरांच्या गळ्यात कॅमेरे होते. त्यातील ४४ टक्के मांजरांनी शिकार केली. पण शिकारीपैकी केवळ २३ टक्के घरी आली. २८ टक्के मांजरांनी खाल्ली आणि ४९ टक्के मारली तिथेच टाकून दिली. म्हणजे मालकाला दिसला तो जेमतेम चौथा हिस्सा.

पोट भरलेले मांजरही शिकार करते, हे यामागचे मुख्य कारण. भूक आणि शिकारीची प्रेरणा या मांजरात बऱ्याच अंशी वेगळ्या चालतात. त्यामुळे ‘घरी भरपूर खायला घालतो’ ही काही पक्ष्यांच्या सुरक्षिततेची हमी नव्हे.

एकूण आकडे मोठे आहेत. अमेरिकेत मांजरे दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ मध्ये मांडला गेला. मात्र त्यातील सुमारे ६९ टक्के वाटा मालक नसलेल्या मांजरांचा आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या हिशेबानुसार बाहेर फिरणारे एक पाळीव मांजर वर्षाला सरासरी १८६ सरपटणारे प्राणी, पक्षी आणि सस्तन प्राणी मारते. वस्तीत पाळीव मांजरांची दाटी असते. म्हणून तेवढ्याच जागेतील जंगली शिकारी प्राण्यापेक्षा त्यांचा परिणाम चार ते दहा पट जास्त असल्याचे जीपीएस अभ्यासाचे म्हणणे आहे. फिरण्याचे वर्तुळ लहान असते, पण त्या वर्तुळातील पक्ष्यांना सुटका नसते.

सगळीकडे धोका सारखाच आहे का?

नाही. ऑस्ट्रेलियात मांजर आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय वसाहतींसोबत. तिथल्या छोट्या प्राण्यांना अशा शिकाऱ्याची सवयच नव्हती. २०हून अधिक सस्तन प्रजाती नामशेष होण्यात मांजरांचा हात असल्याचे मानले जाते. न्यूझीलंडमध्ये तर वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणीच नाही. त्यामुळे तिथले अनेक पक्षी जमिनीवर घरटी करतात, काहींना उडताही येत नाही. १८९४ मध्ये तिथल्या स्टीफन्स बेटावर दीपगृहाच्या राखणदाराच्या एकट्या मांजराने एक पक्षी प्रजाती संपवली, अशी आख्यायिका आहे. प्रत्यक्षात बेटावर अनेक मांजरे रानटी झाली होती; पण तो चिमुकला पक्षी काही वर्षांत कायमचा नाहीसा झाला, हे खरे.

ब्रिटनमध्ये मात्र मांजरे जवळपास दोन हजार वर्षांपासून आहेत. मांजरांमुळे देशातील पक्ष्यांची एकूण संख्या घटल्याचा स्पष्ट पुरावा नाही, अशी भूमिका तिथल्या ‘आरएसपीबी’ या पक्षी संरक्षण संस्थेनेच घेतली आहे. स्कॉटलंडची अडचण आणखी वेगळी आहे. तिथल्या दुर्मीळ रानमांजराचा पाळीव मांजराशी संकर होतो आणि मूळ वाण नष्ट होण्याच्या मार्गावर आहे.

निर्बंध कसे आहेत?

कॅनबेरा आणि परिसरात १ जुलै २०२२ नंतर जन्मलेले मांजर चोवीस तास घराच्या आवारातच ठेवणे बंधनकारक आहे. आधीपासूनची मांजरे बहुतांश भागांत यातून वगळली, त्यामुळे नियम पचवायला लोकांना वेळ मिळाला.

जर्मनीतील वॉल्डॉर्फ शहराच्या दक्षिण भागात २०२२ मध्ये विणीच्या हंगामापुरता, ऑगस्टअखेरपर्यंत मांजरे घरात ठेवण्याचा आदेश निघाला. कारण होते जमिनीवर घरटे करणारा तुरेवाला चंडोल. तिथे त्याच्या मोजून तीन जोड्या उरल्या होत्या. मांजर बाहेर दिसल्यास ५०० युरो आणि त्याने चंडोल मारल्यास ५० हजार युरोपर्यंत दंडाची तरतूद होती.

स्कॉटलंडच्या आयोगाने सरसकट बंदी सुचवलेली नव्हती. वन्यजीवांच्या दृष्टीने नाजूक भागांत मांजरांना आवारात ठेवण्याचा विचार व्हावा, एवढेच म्हटले होते. न्यूझीलंडने नोव्हेंबर २०२५ मध्ये रानटी मांजरांचा समावेश ‘प्रीडेटर फ्री २०५०’ या निर्मूलन मोहिमेत केला. पाळीव मांजरे त्यातून वगळली आहेत. इंग्लंडने भटकंती रोखलेली नाही, पण १० जून २०२४ पासून पाळीव मांजराला मायक्रोचिप सक्तीची केली आहे.

मांजराला स्वतःला काय धोका?

जॉर्जियातील कॅमेऱ्यांत ४५ टक्के मांजरे रस्ता ओलांडताना दिसली, २० टक्के पावसाळी गटारांत शिरली. वाहनांखेरीज कुत्रे, उंदरांसाठी ठेवलेले विष आणि इतर मांजरांशी होणारी भांडणे हे नेहमीचे धोके. चाव्यातून मांजरांमधील एफआयव्हीसारखा विषाणू पसरतो. तो माणसाला होत नाही. पावसात उबेसाठी मांजरे गाडीच्या बॉनेटमध्ये शिरतात आणि गाडी सुरू होताच जखमी होतात.

बर्ड फ्लूचा धोकाही आता जवळ आला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. त्याच हिवाळ्यात शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्येही हा विषाणू आढळला. बाधित पक्षी किंवा कच्चे मांस खाल्ल्याने मांजराला लागण होऊ शकते. शिकार करणाऱ्या मांजरांत टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचे प्रमाणही जास्त असते. म्हणूनच गर्भवतींनी मांजराची विष्ठा साफ करणे टाळावे, असा सल्ला दिला जातो. बाहेरच्या मांजराने चावा घेतल्यास जखम साबणाने धुऊन रेबीजच्या लशीसाठी तातडीने डॉक्टर गाठणे आवश्यक असते.

मग फ्लॅटमध्ये कोंडणे हा उपाय आहे का?

त्याचीही किंमत आहे. दिवसभर काही उद्योग नसलेले मांजर लठ्ठ होते, सोफा ओरबाडते, नको तिथे घाण करते. शिवाय मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींत जाळी नसलेली खिडकी आणि बाल्कनी हाच मोठा धोका ठरतो. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडून एकाच रुग्णालयात आलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे ९० टक्के वाचली. सात मजल्यांपेक्षा वरून पडलेल्या मांजरांना तुलनेने कमी दुखापती होत्या, हा निष्कर्ष तेव्हापासून गाजतो आहे. पण जागीच मेलेले मांजर कुणी दवाखान्यात नेत नाही, हे त्यात लक्षात घ्यावे लागते. ‘मांजर कसेही पडले तरी पायावरच पडते’ यावर विसंबण्यापेक्षा जाळी स्वस्त पडते.

मधला मार्ग कोणता?

मांजर बाहेर सोडण्यावर भारतात सरसकट बंदी नाही. मात्र प्राण्याचे उपासमारीने हाल होतील अशा रीतीने त्याला टाकून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. बाहेर जाणाऱ्या मांजराची नसबंदी आणि रेबीजचे लसीकरण या किमान गोष्टी. मांजरी पाच-सहा महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते. त्यामुळे ‘लहान आहे अजून’ म्हणत थांबले, की सोसायटीच्या पार्किंगमध्ये पिल्ले दिसू लागतात.

शिकार कमी करण्याचे उपाय इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाने ३५५ मांजरांवर तपासले. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. धान्य नसलेले, भरपूर मांसयुक्त खाणे दिल्यावर घरी येणारी शिकार ३६ टक्क्यांनी घटली. पिसाच्या खेळण्याने रोज पाच-दहा मिनिटे खेळवल्यावर ती २५ टक्क्यांनी कमी झाली. भडक रंगाच्या कापडी पट्ट्यामुळे पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी खाली आली. गळ्यातल्या घंटेचा मात्र ठळक परिणाम दिसला नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा उंदरांना पडलेला जुना प्रश्न. बांधूनही फारसे काही साधत नाही, असे आता संशोधन सांगते. त्यापेक्षा जाळी लावलेली बाल्कनी, रात्री आणि पहाटे बंद दार आणि मालकाची रोजची दहा मिनिटे जास्त उपयोगी पडतात.