तिजोरी त्यांची, किल्ली आपली

रुग्णालयातील नोंदी, बँकांचे व्यवहार, उद्योगांची गुपिते हे सारे माहितीधन आज ‘क्लाउड’मध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकांवर साठवले जाते. हे संगणक बहुतांशी अमेरिकन कंपन्यांचे असतात. सोय मोठी आहे. पण परक्याच्या तिजोरीत ठेवलेल्या धनाची किल्ली कोणाच्या हाती, हा प्रश्न राष्ट्रहिताचा आहे.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंट व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला, हे योग्यच झाले. तथापि, त्याच्या आदल्याच महिन्यात अमेरिकेने ‘क्लाउड अ‍ॅक्ट’ संमत केला. त्यानुसार अमेरिकन कंपनीच्या ताब्यातील माहिती जगात कोठेही असली, तरी तेथील तपासयंत्रणा कायदेशीर आदेशाने ती मागू शकतात. म्हणजेच सर्व्हर मुंबईत असला, तरी तेवढ्याने माहिती सुरक्षित होत नाही.

उपाय आहे तो एन्क्रिप्शनचा, म्हणजे माहिती कूटबद्ध करण्याचा. अनेक कंपन्या माहितीला कुलूप लावतात खऱ्या, पण किल्लीही स्वतःकडेच ठेवतात. माहिती बाहेर धाडण्यापूर्वीच कूटबद्ध केली आणि किल्ली आपल्याकडे ठेवली, तर आदेश आला तरी कंपनीच्या हाती केवळ निरर्थक अक्षरे उरतात. भारतीय वंशाचे अमित सहाय आणि ब्रेंट वॉटर्स यांनी २००५ मध्ये पाया घातलेल्या पद्धतीत तर कोणी काय पाहावे, हे कुलपातच गुंफलेले असते. ‘हृदयरोग विभागातील डॉक्टर’ असा अधिकार असेल, त्याच्याच किल्लीने नोंद उघडते.

अर्थात ही जबाबदारी सोपी नाही. किल्ली हरवली, तर माहितीही गेली. कर्मचारी सोडून गेला, तर किल्ल्या बदलाव्या लागतात. शिवाय कुलूप गोपनीयता राखते, सेवा चालू राहण्याची हमी देत नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या. त्या पूर्ववत झाल्या, पण कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. म्हणून माहितीची एक प्रत स्वतःच्या ताब्यातही हवी.

हेरांचे निरोप सांकेतिक लिपीत असावेत, ही दक्षता कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आढळते. शासनाने आपल्या प्रत्येक क्लाउड करारात किल्लीची मालकी स्पष्ट करावी; संस्था आणि उद्योगांनीही हाच आग्रह धरावा. तिजोरी भाड्याने घेता येते. स्वातंत्र्याची किल्ली मात्र गहाण ठेवायची नसते.