कॅमेऱ्याचा विवेक आणि कसबा बावड्याचा वारसा

चित्रपटाचे सामर्थ्य काय असते, हे कोल्हापूरकरांना नव्याने सांगावे लागत नाही. बाबूराव पेंटरांनी याच नगरीत महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’मधून शेतकऱ्याचे दुःख पडद्यावर आणले. १९२९ साली ‘प्रभात’चा जन्मही येथेच झाला. ज्या नगरीने देशाला चित्रभाषा शिकवली, त्या नगरीने पडद्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट सत्य म्हणून निमूटपणे स्वीकारावी, अशी अपेक्षा कोणी करू नये.

ही आठवण करून देण्याचे कारण म्हणजे आनंद पटवर्धन यांचा ‘विवेक’ हा अनुबोधपट. २०१८ साली पूर्ण झालेल्या, सुमारे चार तासांच्या या चित्रपटाला त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या अनुबोधपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर, कॉ. गोविंद पानसरे, प्रा. एम. एम. कलबुर्गी आणि गौरी लंकेश या चौघांच्या हत्या हा त्याचा कणा आहे. एकेकाळी असे चित्रपट महोत्सवांच्या बंद दालनांत पाहिले जात आणि तेथेच विसरले जात. आता ते मोबाइलवर, तुकड्या-तुकड्यांत, घराघरांत पोहोचतात. कसबा बावड्यातील महाविद्यालयीन तरुण आपल्या खोलीत बसून तो पाहतो आणि आपल्या नगरीविषयीचे मत त्यावरून बनवतो. म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष करणे हा मार्ग नव्हे आणि त्यावर नुसते संतापणे हाही नव्हे.

प्रारंभीच एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फेरफटक्याहून परतताना गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यांच्या पत्नीही जखमी झाल्या. चार दिवसांनी पानसरे यांचे निधन झाले. ज्यांनी त्यांचे ‘शिवाजी कोण होता?’ हे पुस्तक नाकारले, त्यांनीही टोलविरोधी आंदोलनात त्यांच्या खांद्याला खांदा लावला होता. ते आंदोलन सर्वपक्षीय होते, कोल्हापूरचे होते. विचाराचा प्रतिवाद विचाराने करण्याऐवजी ज्याने पिस्तूल उचलले, त्याने हिंदू परंपरेतील शास्त्रार्थाचाच अपमान केला. चार्वाकाची मते खोडण्यासाठी का होईना, आपल्या ग्रंथांत नोंदवून ठेवणारी ही संस्कृती आहे. या निषेधाला ‘पण’ जोडण्याचे कारण नाही.

प्रश्न पुढे सुरू होतो. गुन्हेगाराचा शोध घेणे वेगळे आणि गुन्ह्याच्या आडून एका संपूर्ण विचारधारेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे वेगळे. ‘विवेक’ हे दुसरे काम करतो. चार हत्या, मालेगावचा स्फोट, विद्यापीठांतील संघर्ष, गोरक्षणाच्या नावाने झालेली हिंसा अशा भिन्न काळांतील, भिन्न प्रांतांतील आणि भिन्न कारणांच्या घटना एकापुढे एक मांडल्या की, पाहणाऱ्याच्या मनात त्यांची एकच साखळी तयार होते. ही साखळी पुराव्याने जोडलेली नसते, संकलनाने जोडलेली असते. न्यायालयात दोन घटनांचा संबंध सिद्ध करण्यासाठी साक्षीपुरावा लागतो. संकलकाच्या टेबलावर त्यासाठी दोन दृश्ये शेजारी ठेवली की पुरते.

काळाने या साखळीच्या कड्या तपासल्या आहेत. दाभोलकर हत्या खटल्यात पुण्याच्या विशेष न्यायालयाने १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप सुनावली आणि तिघांना निर्दोष सोडले. ज्यांच्यावर गुन्हा सिद्ध झाला, त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. त्यात हिंदू समाजाने दुःख मानण्याचे काहीही नाही. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावात झालेल्या स्फोटात सहा जणांचे प्राण गेले. त्या खटल्यातील सातही आरोपींची मुंबईच्या विशेष न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. त्या सहा जणांच्या कुटुंबीयांना न्याय मिळाला असे यातून म्हणता येत नाही आणि कोणी म्हणूही नये. परंतु ‘भगवा दहशतवाद’ हा शब्दप्रयोग जणू सिद्ध झालेला सिद्धांत आहे, अशा थाटात ज्यांनी वर्षानुवर्षे वापरला, त्यांनी या निकालानंतर आपले शब्द तपासले काय? पानसरे हत्येचा खटला तर इतका रेंगाळला की, हत्येला दहा वर्षे होत आली असताना, जानेवारी २०२५ मध्ये, उच्च न्यायालयाने दीर्घ कारावासाचा विचार करून सहा आरोपींना जामीन दिला. न्यायालये निर्णयापर्यंत पोहोचण्यापूर्वीच कॅमेऱ्याने मात्र आपला निकाल जाहीर करून टाकला होता.

याहून गंभीर बाब हेमंत करकरे यांच्या हौतात्म्याची. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत पाकिस्तानी दहशतवाद्यांच्या गोळ्यांना बळी पडले. त्याच गाडीत जखमी होऊन वाचलेल्या पोलिसाने न्यायालयात साक्ष दिली. कसाबवरचा दोष विशेष न्यायालय, उच्च न्यायालय आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालय अशा तिन्ही पायऱ्यांवर कायम राहिला. एवढे असूनही करकरे यांच्या मृत्यूभोवती देशातीलच हिंदुत्ववाद्यांविषयी संशयाचे धुके निर्माण करणे, याला विवेक म्हणायचे काय? जो बुद्धिवाद बुवाबाजीच्या दाव्याला पुरावा मागतो, त्याने स्वतःच्या दाव्यालाही तोच पुरावा मागितला पाहिजे. अन्यथा तीही एक श्रद्धाच ठरते, फक्त तिचे देव निराळे.

विवेकाची दुसरी कसोटी म्हणजे समदृष्टी. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी अवघ्या सात मुस्लिम महिलांना बरोबर घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला आणि १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. स्वसमाजात बहिष्कृत झालेला हा महाराष्ट्राचा खरा विवेकवादी. केरळमधील प्रा. टी. जे. जोसेफ यांचा हात एका प्रश्नपत्रिकेच्या कारणावरून २०१० साली तोडण्यात आला. कोइम्बतूरमधील नास्तिक कार्यकर्ते एच. फारूक यांची मार्च २०१७ मध्ये, म्हणजे ‘विवेक’ पूर्ण होण्याच्या जेमतेम एक वर्ष आधी, हत्या झाली. विवेकावरील हल्ल्यांचा इतिहास लिहायचा तर ही नावे त्याच्या कण्यात हवीत. ती तेथे नाहीत. धर्माधिष्ठित राजकारण हा विषय असेल, तर १९८५ चा शाहबानो निकाल आणि तो निष्प्रभ करणारा १९८६ चा कायदाही त्याच विषयाचा भाग आहे. एकाच घरात उजेड टाकणारा दिवा हा दिवा नसतो, तो शोधदिवा असतो. तो कोणाच्या हाती आहे, हे पाहावेच लागते.

आता कोल्हापूरच्या वारशाविषयी. या प्रकारच्या मांडणीत महाराष्ट्राच्या दोन वाटण्या केलेल्या असतात. एकीकडे फुले-शाहू-आंबेडकर आणि दुसरीकडे हिंदुत्व. परंतु कसबा बावड्यातील लक्ष्मी-विलास राजवाड्यात ज्यांचा जन्म झाला, ते राजर्षी शाहू महाराज या दोन कप्प्यांत मावतात काय? १८९९ साली याच पंचगंगेच्या घाटावर त्यांच्या स्नानप्रसंगी पुराणोक्त मंत्र म्हटले गेले आणि वेदोक्त प्रकरण पेटले. महाराजांनी काय मागितले? धर्म सोडण्याची मुभा नव्हे, वेदमंत्रांचा अधिकार मागितला. तो नाकारणारे चुकले होते आणि पुण्यातील ज्या थोरांनी महाराजांची बाजू घेतली नाही, तेही चुकले होते. हे हिंदुत्वनिष्ठांनी मोकळेपणाने म्हटले पाहिजे, कारण ते सत्य आहे. पुढे २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी संस्थानी नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या. १९१९ साली राजाराम महाविद्यालय आर्य समाजाकडे सोपवले. १९२० साली क्षात्रजगद्गुरूंचे पीठ स्थापन केले. ज्याला धर्म नको असतो तो धर्मपीठ स्थापन करत नाही. महाराजांचा लढा धर्माच्या मक्तेदारीशी होता, धर्माशी नव्हता. रत्नागिरीत १९३१ साली सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर ज्या विचाराने उभे राहिले, तोही याच दिशेचा विचार होता. कॅमेऱ्याला ही गुंतागुंत परवडत नाही. त्याला खलनायक लागतो.

मग उत्तर काय? बंदी हे उत्तर नव्हे, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे. ‘राम के नाम’ दाखवण्यास दूरदर्शनने नकार दिला, निर्माता न्यायालयात गेला आणि १९९७ साली तो चित्रपट दूरदर्शनलाच दाखवावा लागला. २००३ साली ‘जंग और अमन’ उच्च न्यायालयाने काटछाटीविना मोकळा केला. २००६ साली ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ प्रसारित करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. २०१९ साली ‘विवेक’ला केरळच्या महोत्सवासाठी केंद्राची अनुमती मिळाली नाही, तेव्हा केरळ उच्च न्यायालयाने ती दिली. प्रत्येक अटकावाने चित्रपटाला प्रेक्षक मिळाले आणि निर्मात्याला हौतात्म्याचे वलय मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या चित्रपट संस्थेत विद्यार्थ्यांना झालेली मारहाण तर प्रतिपक्षाच्या पुढच्या अनुबोधपटासाठी आयते दृश्य पुरवणारी ठरली. ज्या चळवळीने आणीबाणीत मुस्कटदाबी सोसली, तिने हे अधिक जाणले पाहिजे. १९७४ च्या बिहार आंदोलनात विद्यार्थी परिषदेचे तरुण जयप्रकाशजींच्या मागे चालत होते, तेव्हा त्या आंदोलनाचे चित्रण करणाऱ्यांत हेच पटवर्धन होते, हे विसरू नये. सत्तेला अप्रिय असलेल्या कॅमेऱ्याचे मोल तेव्हा कळत होते. मग ते आताही कळले पाहिजे.

कोल्हापूरला तर हा धडा आगीने शिकवला आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. अपराध काही व्यक्तींचा होता, परंतु शिक्षा एका जातीला आणि एका विचाराला देण्यात आली. घरे जळाली, संसार उघड्यावर आले. हिंदुत्वनिष्ठ विचारांचे भालजी पेंढारकर यांचा जयप्रभा स्टुडिओ त्या वणव्यात खाक झाला. एकाच्या गुन्ह्याचे ओझे सर्वांच्या माथी मारले की काय होते, याचा हा पुरावा या नगरीच्या अंगावर आहे. म्हणूनच ‘विवेक’च्या साखळीला आक्षेप घेण्याचा नैतिक अधिकार कोल्हापूरला आहे. आणि त्याच न्यायाने, कोणा एका दहशतवाद्याच्या कृत्यासाठी शेजारच्या मोहल्ल्यातील निरपराध माणसाला जबाबदार धरण्याचा अधिकार हिंदुत्वनिष्ठांनाही नाही. तत्त्व एकदा मांडले की ते सर्वांना लागू होते.

भालजींनी काय केले? त्यांनी कोणाचा स्टुडिओ जाळला नाही. त्यांनी राखेतून आपला स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि १९५२ साली ‘छत्रपती शिवाजी’ महाराष्ट्राला दिला. चित्रपटाला चित्रपटाने दिलेले उत्तर ते हेच.

त्या उत्तराची आज वानवा आहे. वेदोक्ताचा संघर्ष, १९४८ ची जळिते, आणीबाणीतील सत्याग्रहींचा कारावास, वस्तीवस्तीत उभी राहिलेली सेवाकार्ये, यांवरील किती अनुबोधपट कोल्हापुरात तयार झाले? १९४८ पाहिलेली पिढी जवळजवळ संपली आहे. आणीबाणीत तरुण असलेले कार्यकर्ते आज सत्तरीपलीकडे आहेत. त्यांच्या साक्षी त्यांच्याबरोबरच मिटून गेल्या, तर त्याचा दोष कोणत्याही पटवर्धनांवर टाकता येणार नाही. मोबाइलवर ‘विवेक’ पाहणाऱ्या बावड्याच्या तरुणाला चित्रपट बंद करायला सांगून काहीही साधणार नाही. तो संपूर्ण पाहावा, त्यातील एकेका दाव्यापुढे न्यायालयाचा निकाल ठेवावा आणि मग घरातील, वस्तीतील वृद्धांसमोर स्वतःचा कॅमेरा सुरू करावा. दुसऱ्याने काढलेले आपले चित्र चुकीचे आहे, अशी तक्रार करण्याचा अधिकार त्यालाच शोभतो, ज्याने आपले खरे चित्र काढण्याचे कष्ट घेतले आहेत.