गाळलेलं पान

रात्री नातीला गोष्ट वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आहे. नात दहा वर्षांची, स्वतः छान वाचते, पण झोपताना आजी लागतेच. सध्या जेन गुडॉल यांचं मुलांसाठी लिहिलेलं चरित्र चालू होतं. १ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी, व्याख्यानांच्या दौऱ्यावर असतानाच त्या गेल्या. तेव्हापासून हे पुस्तक घरात होतं.

सुरुवात फारच गोड. चार-पाच वर्षांची जेन कोंबडी अंडं कसं घालते ते बघायला खुराड्यात तासन्‌तास लपून बसते. इकडे घरात शोधाशोध, पोलिसांनाही कळवलेलं. आणि आई? गवताच्या काड्या लागलेल्या लेकीला रागावत नाही, शेजारी बसवून सगळी हकीकत ऐकून घेते! पुढे १९६० साली लुईस लीकी यांनी तिला टांगानिका सरोवराकाठच्या गोम्बेच्या जंगलात पाठवलं, तेव्हा एकट्या मुलीला परवानगी मिळेना म्हणून हीच आई सोबत गेली. जेन तेव्हा २६ वर्षांची. कित्येक महिने चिंपांझी तिला पाहून पळत. मग पांढऱ्या दाढीच्या एकाने, डेव्हिड ग्रेबिअर्डने, तिला जवळ येऊ दिलं. काडीची पानं सोलून, ती वारुळात घालून तो वाळवी काढून खातो, हे तिने पाहिलं. हत्यार फक्त माणूसच बनवतो, हा समज तिथे संपला.

इथपर्यंत मी रंगवून वाचलं. पुढचं पान मात्र गुपचूप उलटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर नात म्हणाली, "आजी, तू मधलं पान गाळलंस. गोलायथला त्याच्याच माणसांनी मारलं, ते का नाही सांगितलंस?"

तिचं खरं होतं. गोम्बेतला चिंपांझींचा एक मोठा गट फुटला, आणि १९७४ ते १९७८ या काळात उत्तरेकडच्यांनी दक्षिणेकडच्या नरांना एकेकटं गाठून मारलं. गोलायथ एकेकाळी या गटाचा म्होरक्या होता, जेनबाईंच्या पहिल्या ओळखीतला. म्हातारपणी, १९७५ साली, जुन्या सोबत्यांनीच त्याला जबर मारलं. निरीक्षकांनी, त्यात टांझानियातली स्थानिक माणसंही होती, हे सगळं नोंदवून ठेवलं. याचा फार बोभाटा करू नका, असं काही शास्त्रज्ञांनी बाईंना सुचवलं. बाईंनी ते लपवलं नाही. ज्यांना नंबर न देता नावं दिली, म्हणून केंब्रिजमध्ये बोलणी खाल्ली, त्याच लाडक्यांबद्दल हे लिहायला त्यांना किती जड गेलं असेल!

माझं मत आता असं झालंय की मुलांना हे पान आधी सांगावं. तुम्ही म्हणाल, एवढ्या लहान मुलांना? अहो, अभिमन्यूचा वध आपण रात्री झोपतानाच सांगतो की! भावाभावांचं युद्ध मराठी घरातल्या पोरांना नवं नाही. प्राण्यांवर प्रेम करणारी पुष्कळ माणसं असतात. पण दिसलं ते, आवडलं नाही तरी, जसंच्या तसं लिहायचं, हे त्या बाईंचं शास्त्र. ते गाळलं तर उरतं काय? "जिद्द, चिकाटी व परिश्रम" हे पाच मार्कांचं उत्तर.

हे उत्तर मीच वर्षानुवर्षं लिहून घेतलंय. आणि एक गोष्ट आज सांगूनच टाकते. पाचवीला आम्हाला सगळे विषय शिकवावे लागत. ओल्या कापसावर दहा मूग ठेवून या, म्हणून सांगितलं होतं. एका मुलाने वहीत लिहिलं, "चार उगवले नाहीत." मी म्हटलं, "पुस्तकात आहे तसं लिही." त्याने खोडरबर घेतलं आणि निमूट खोडलं. ते चार का उगवले नाहीत, हे विचारायचं मला सुचलंच नाही. जेनच्या आईला खुराड्याबाहेर जे सुचलं, ते मला वर्गात सुचू नये?

नातीने विचारलं, "मग चिंपांझी वाईट असतात का?" मी म्हटलं, "चल, ते पान आता दोघी मिळून वाचू."

वाचलं. मध्ये ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "उद्या पुढचं. पण काही गाळायचं नाही हं."

तुम्ही नातवंडांना वाचून दाखवताना काय गाळता? जमलं तर कळवा.