लोणारच्या काठावरून आकाशाकडे

लवणासुराचा वध करणारे भगवान दैत्यसूदन लोणारला आजही पूजिले जातात. त्याच गावातील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर उल्काघाताने झाले, याचे भक्कम पुरावे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दिले. श्रद्धेने स्थान जपले, विज्ञानाने कारण सांगितले. दोहोंत वैर नाही. आकाश भूमीवर उतरल्याची अशी खूण बाळगणाऱ्या बुलढाणा जिल्ह्याने खोडदच्या साधनेकडे आपुलकीने पाहिले पाहिजे.

पुणे जिल्ह्यातील खोडद परिसरात प्रा. गोविंद स्वरूप यांच्या प्रतिभेतून महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आणि त्यांत जड पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी. कमी खर्चात जगाच्या तोडीचे काम करणारी ही अस्सल स्वदेशी युक्ती!

न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याहून अधिक द्रव्य जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरच्या गोळ्यात कोंबलेला मृत तारा. तो सोबतच्या ताऱ्याचे द्रव्य ओढून घेतो. ते भोवती तबकडीसारखे साचते. साठा अनावर झाला की क्ष-किरणांचा उद्रेक होतो. काही द्रव्य झोताच्या रूपाने बाहेर फेकले जाते आणि त्याची वार्ता रेडिओ लहरी आणतात. नरतुरंग तारकासमूहातील अशाच एका ताऱ्याभोवतीची तबकडी २०१२ च्या अखेरीस नाहीशी झाली. पुढे २०१४ मध्ये खोडदच्या दुर्बिणीनेच त्याची स्पंदने टिपली. तो तारा सेकंदाला ५९० हून अधिक वेळा स्वतःभोवती फिरतो!

‘कोरडवाहू शेतकऱ्याला याचा काय उपयोग?’ हा प्रश्न अप्रामाणिक नाही. परंतु पोट आणि प्रज्ञा यांपैकी एकच निवडणारे राष्ट्र दोन्ही गमावते. ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे म्हणून स्वस्थ बसणे हाही पूर्वजांचा गौरव नव्हे. त्यांनी रात्री जागून आकाश पाहिले होते. आपण निदान ते पाहणाऱ्यांची पाठराखण करावी.

या दुर्बिणीला शांतता लागते. मोबाइलचे मनोरे, कारखाने, विजेवरची रेल्वे यांच्या गोंगाटात ताऱ्याचा क्षीण स्वर बुडतो. त्या शांततेचे मोल परिसरातील गावे मोजतात. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीतही हा प्रश्न आलाच. त्याग त्यांचा आणि कीर्ती देशाची, हा न्याय नव्हे. शासनाने त्या गावांना पर्यायी सोयी द्याव्यात. आणि आपण? राष्ट्रीय विज्ञान दिनी खोडदला विद्यार्थ्यांचे प्रदर्शन भरते. जिजाऊंच्या सिंदखेडराजाची आणि लोणारची मुले तेथे न्यावीत, एवढे तर आपल्या हाती आहे.