‘आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का?’

माननीय डॉक्टर,


तुमच्या ओपीडीत मी पहिल्यांदा आले, त्या दिवशी तुम्ही माझ्याशी एकच वाक्य बोललात : ‘आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का?’ स्तनातली गाठ माझी, बायॉप्सी माझी आणि आत बसला माझा मुलगा. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, ‘साधी गाठ आहे गं. औषधाने विरघळेल.’ तेहतीस वर्षं मी शाळेत शिकवलं आहे. खोटं बोलणारं पोर मला शेवटच्या बाकावरूनही कळतं. हे तर पोटचं.

पुढे सलाइन लावून पडले असताना शेजारच्या खाटेवरच्या बाईने डोक्याचा रुमाल सारखा करत विचारलं, ‘तुमची कितवी किमो?’ मला कॅन्सर आहे, हे मला असं कळलं.

घरचे तुम्हाला म्हणाले असतील, आईला सांगू नका, ती खचेल. ह्यांना चार वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिसला एसटीने नेणारी बाई मी. खचते की नाही, हे एकदा मलाच विचारायचं होतं. मग घरात नाटक सुरू झालं. आईला माहीत नाही असं मुलाला वाटायचं आणि मला माहीत आहे हे त्याला कळू नये म्हणून मी गप्प.

पहिल्या किमोच्या रात्री लघवी लाल झाली. रक्तच समजून सकाळपर्यंत जागी राहिले. ‘अहो, तो त्या लाल औषधाचा रंग. एकदोन दिवसांत जाईल,’ असं नंतर सिस्टरने हसून सांगितलं. एका वाक्याचं काम होतं ते.

दुसऱ्या किमोनंतर दहाव्या दिवशी 101 ताप आला. मी तापाची गोळी घेतली, गवती चहाचा काढा प्यायले आणि पांघरूण घेऊन पडले. दुसऱ्या रात्री हुडहुडी भरली. पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या; पाच दिवस अॅडमिट. राउंडला तुम्ही सगळ्यांसमोर बोललात : ‘शिकलेल्या आहात ना? ताप आल्या आल्या फोन नको का करायला?’

तो शब्द लागला, डॉक्टर. ताप 100.4 च्या वर गेला की गोळी घेऊन वाट पाहायची नाही, लगेच यायचं, हे तुम्ही सांगितलं होतं; पण मुलाला. त्याने ते मला सांगायचं, तर किमोने पेशी का घटतात हेही सांगावं लागलं असतं आणि ‘साधी गाठ’ उघडी पडली असती. लपवायचं ठरवलंत तिथेच माझ्या तापाचा निरोप अडकला. बोलणी मात्र मी खाल्ली.

संमतीपत्रावर सहीसुद्धा मुलाची आहे. भूल दिलेल्या सज्ञान मुलीचं गर्भाशय आईच्या संमतीने काढलं गेलं, तेव्हा ती संमती पुरेशी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली ठरवलं. तिथे आईची चालली नाही. इथे मी टक्क जागी असताना मुलाची कशी चालते?

बाहेर किती गर्दी असते ते मला दिसतं. बाहेर मीच बसलेली असते. तुमच्या हाताला गुण आहे, यातही शंका नाही. म्हणूनच हे पत्र. परक्यावर कोण रुसतं?

येत्या मंगळवारी तिसरी किमो. मुलाला घेऊन आत येईन. त्याला बाहेर बसवू नका. त्यालाही फार दिवस एकट्याने ओझं वाहायला लावलंत. वहीत तीन प्रश्न लिहिले आहेत : आजार कुठवर पोचलाय? किमोनंतर ऑपरेशन आहे का? काढा चालतो का? उत्तर वाईट असलं तरी चालेल. फक्त ते देताना माझ्याकडे बघा.

आपली,
फायलीवर जिचं नाव आहे ती