स्टार-हॅशचे व्याकरण

नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे: *#२१# डायल करा, तुमचा फोन कोणी टॅप करत असेल तर लगेच कळेल. हा दावा खोटा आहे. हा कोड मोबाइल कंपनीला एवढेच विचारतो, की या नंबरवर येणारे सगळे कॉल दुसऱ्या कुठल्या नंबरकडे वळवलेले आहेत का. कायदेशीर टॅपिंग कंपनीच्या यंत्रणेत होते. त्याचा मागमूस हँडसेटवर उमटत नाही. छुपे हेरगिरी सॉफ्टवेअरही अशा कोडने सापडत नाही. जुलै २०२१ मध्ये पेगासस या हेरगिरी सॉफ्टवेअरचे प्रकरण बाहेर आले, तेव्हा ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या सिक्युरिटी लॅबला फोनमधल्या नोंदी उकरून तपासाव्या लागल्या होत्या. मात्र संदेश खोटा म्हणून कोडही फेकून द्यायचे, हे बरोबर नाही. कोड खरे आहेत आणि उपयोगाचेही आहेत. आपल्याकडे लोकांच्या हाती कोडची यादी पडते, त्यांचे व्याकरण पडत नाही. आणि फसवणूक नेमकी त्या अज्ञानावर चालते.

हे व्याकरण पाच मिनिटांत कळण्याइतके सोपे आहे. जीएसएम मोबाइलचे तांत्रिक मानक ठरले तेव्हाच ते ठरले, म्हणून कॉल वळवण्याचे मूळ कोड कुठल्या एका ब्रँडचे नाहीत. सुरुवातीला *# असेल तर तो प्रश्न असतो: सध्या काय स्थिती आहे, ते सांग. सुरुवातीला ** असेल तर ती आज्ञा असते: ही नोंद कर आणि लागू कर. सुरुवातीला ## असेल तर नोंद पुसून टाक. त्यापुढचे आकडे विषय सांगतात. २१ म्हणजे सगळे कॉल, ६७ म्हणजे फोन व्यग्र असताना येणारे, ६१ म्हणजे न उचललेले, ६२ म्हणजे फोन बंद किंवा संपर्कक्षेत्राबाहेर असताना येणारे. म्हणजे *#२१# हा निव्वळ प्रश्न आहे. तो शंभर वेळा विचारला तरी काही बदलत नाही. पण **२१* पुढे एखादा नंबर आणि शेवटी # असा कोड डायल केला, की आपले सगळे कॉल त्या नंबरच्या मालकाच्या कानात जातात. ##००२# हा कोड कॉल वळवण्याच्या सगळ्या नोंदी एकदम पुसतो. प्रश्न कोणता आणि आज्ञा कोणती, हे सुरुवातीच्या दोन चिन्हांवरून ओळखता येते.

हा फरक ठाऊक नसल्याची किंमत लोकांनी मोजली आहे. कुरिअरचा माणूस किंवा मोबाइल कंपनीचा कर्मचारी म्हणून फोन येई. पत्ता सापडत नाही, नेटवर्कमध्ये बिघाड आहे, सिमला धोका आहे, असे काहीही सांगून *४०१* आणि पुढे एक नंबर डायल करायला लावत. तेवढ्याने कॉल वळत. एसएमएस अशा रीतीने वळत नाहीत, त्यामुळे अनेकांना आपण सुरक्षित आहोत असे वाटते. पण ओटीपी फोनवर बोलूनही सांगितला जातो. व्हॉट्सॲपच्या पडताळणीतही कॉलचा पर्याय असतो. तो कॉल भामट्याकडे गेला, की खाते त्याचे झाले. प्रकार इतका वाढला, की दूरसंचार विभागाने २८ मार्च २०२४ रोजी आदेश काढला आणि अशा स्टार-हॅश (यूएसएसडी) कोडद्वारे कॉल वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून पुढील आदेशापर्यंत थांबवायला कंपन्यांना सांगितले.

मग आता हे शिकण्याची गरज काय, असे कोणी विचारेल. गरज आहे, कारण बंदी एका वाटेवर आली, कॉल वळवण्याच्या सोयीवर नाही. फोनच्या सेटिंगमधून कॉल आजही वळवता येतात, आणि फोन क्षणभर दुसऱ्याच्या हाती गेला तरी ते काम होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अर्धवट ज्ञानाने लोक भलते कोड डायल करतील. ही भीती खरी आहे. *४०१* हा कंपन्यांनी ठरवलेला कोड होता, जीएसएमच्या मानकातला नव्हे. हँडसेट बनवणाऱ्यांचेही स्वतःचे कोड असतात. सप्टेंबर २०१२ मध्ये बर्लिनच्या तंत्रविद्यापीठातले संशोधक रविशंकर बोरगावकर यांनी ब्युनोस आयर्सच्या एकोपार्टी परिषदेत दाखवून दिले, की एखादे वेबपान नुसते उघडले तरी त्यात दडवलेला कोड काही सॅमसंग फोनमध्ये आपोआप डायल होतो आणि फोनमधली सगळी माहिती पुसली जाते. सॅमसंगने ती त्रुटी दुरुस्त केली. पण ‘मोबाइलचे ५० गुप्त कोड’ असल्या याद्या वाचून एकेक करून पाहणे किती धोक्याचे आहे, हे त्यातून दिसते. व्याकरण कळलेला माणूस निदान एवढे ओळखतो, की आपल्याला वाचता न येणारा कोड डायल करायचा नाही, सांगणारा कोणीही असो.

सामान्य माणसाला हे झेपणार नाही, हा आक्षेप मात्र मला मुळीच मान्य नाही. स्टार-हॅश दाबून शिल्लक पाहणे याच देशात लोकांच्या हाताला वळण पडावे इतके सवयीचे होते. इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरून बँक व्यवहार करता यावेत म्हणून *९९# सेवाही उभी राहिली. अडचण लोकांच्या बुद्धीची नाही, फोनकडून मिळणाऱ्या उत्तराची आहे. *#२१# ला उत्तर येते ते इंग्रजीत आणि तुटक. काही नेटवर्कवर तर ‘इनव्हॅलिड एमएमआय कोड’ एवढेच येते. मग सेटिंगमध्ये जाऊन पाहावे लागते. *#६२# ला एखादा अनोळखी नंबर दिसला, तर तो बहुधा कंपनीच्याच मिस्ड कॉल अलर्टचा असतो, पण हे कोणी सांगत नाही आणि माणूस घाबरतो. आज्ञेचा कोड डायल होताच ‘तुमचे सगळे कॉल अमुक नंबरकडे जातील, चालेल का?’ असे ग्राहकाच्या भाषेत विचारणे कंपन्यांना आणि हँडसेट उत्पादकांना अवघड नाही. दूरसंचार विभागाने ते सक्तीचे करावे.

राहिला आणखी एक उपयोगाचा कोड, *#०६#. हा कोड फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक दाखवतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. चोरीचा फोन देशभरात निकामी करणारी सीईआयआर ही यंत्रणा सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतच प्रथम सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये संचार साथी पोर्टलद्वारे देशभर पोहोचली. तिथे तक्रार नोंदवताना हाच क्रमांक लागतो, आणि फोन चोरीला गेल्यावर तो डायल करून पाहता येत नाही. म्हणून आजच *#०६# डायल करा, क्रमांक कागदावर उतरवून घ्या आणि फोनच्या बिलासोबत ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर *#२१# ही पाहा. कॉल अनोळखी नंबरकडे वळवलेले आढळले तर ##००२# डायल करा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.