इलेक्ट्रिक मोटरसायकल की पेट्रोलची : नेमकी कोणाला परवडते?

इलेक्ट्रिक दुचाकी चालवायला स्वस्त आणि विकत घ्यायला महाग, हे आता सगळ्यांना माहीत आहे. मग ही जादा किंमत वसूल कधी होते? त्याचं उत्तर गाडीपेक्षा तुमच्या रोजच्या किलोमीटरवर जास्त अवलंबून आहे.

किलोमीटरचा हिशेब

पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि १०० सीसी बाइकचं मायलेज ६० धरलं, तर किलोमीटरला साधारण १ रुपया ७३ पैसे लागतात. इलेक्ट्रिक मोटरसायकलला १०० किलोमीटरसाठी ४ युनिट आणि घरगुती वीज १० रुपये युनिट धरली, तर खर्च ४० पैसे. म्हणजे किलोमीटरमागे १ रुपया ३३ पैशांची बचत.

आता दोन गाड्यांच्या किमतीत ४० हजारांचा फरक आहे असं समजू. वर्षातले ३०० दिवस रोज ३० किलोमीटर फिरणाऱ्या डिलिव्हरी बॉयचे वर्षाला सुमारे १२ हजार वाचतात. फरक साडेतीन वर्षांच्या आत भरून निघतो. रोज १० किलोमीटर जाणाऱ्याला मात्र दहा वर्षं लागतील. तोवर बॅटरी बदलण्याची वेळ येऊ शकते.

सरकारी गणित कसं बदललं?

जून २०२१ मध्ये केंद्राने 'फेम-२' योजनेतलं अनुदान बॅटरीच्या प्रति किलोवॅट-तास १५ हजार रुपये केलं होतं. जून २०२३ मध्ये ते १० हजारांवर आणि एप्रिल २०२४ पासून नव्या योजनेत ५ हजारांवर आलं. दुसरीकडे, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. इलेक्ट्रिकवर तो आधीपासून ५ टक्केच आहे. थोडक्यात, इलेक्ट्रिकला मिळणारा सरकारी आधार दोन्ही बाजूंनी कमी झाला.

खरी अडचण कुठे?

वरचा हिशेब घरच्या चार्जिंगचा आहे. चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे पार्किंगजवळ प्लग नसतो. बाहेर २० रुपये युनिटने चार्जिंग केलं, तर तोच फरक भरून निघायला पावणेपाच वर्षं लागतात. शिवाय कर्जाचं व्याज वेगळंच.

म्हणजे ज्याचं रोजचं फिरणं जास्त, त्याचा फायदा सर्वाधिक. पण अनेकदा त्याच्याच घरी चार्जिंगची सोय नसते. म्हणून शोरूमला जाण्याआधी तीन गोष्टी तपासा : रोजचे किलोमीटर, घरचा प्लग आणि बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आहे.